चौकट रिकामी राहू नये

दिवे खात्याचं स्वतःचं मासिक वार्तापत्र असावं, असा निर्णय एका सोमवारी सकाळी अकरा वाजता झाला आणि त्यात काय छापावं हा प्रश्न अकरा वाजून दहा मिनिटांनी पुढे ढकलण्यात आला.

आमच्या खात्याचं काम सोपं आहे. अंधार पडला की रस्त्यावरचे दिवे लागले पाहिजेत. ते लागले तर ती बातमी होत नाही आणि नाही लागले तर ती बातमी आम्ही देत नाही. त्यामुळे वार्तापत्रासाठी वार्ता कुठून आणायची, हा पेच खराच होता. संचालकांनी तो एका वाक्यात सोडवला.

"मजकूर काय, येत राहतो. आधी साचा करा. साचा पक्का असला की मजकूर आपोआप त्यात जाऊन पडतो."

मी खात्यात तांत्रिक सहायक आहे. अक्षरजुळणीची एक विशिष्ट प्रणाली मला येते, असं मी मुलाखतीत म्हणालो होतो. मुलाखतीत माणूस बरंच काही म्हणतो, पण हे नेमकं खरं निघालं. या प्रणालीत पान डोळ्यांना दिसत नाही. आपण साधा मजकूर लिहायचा आणि त्याच्या आजूबाजूला तिरक्या रेघा आणि महिरपी कंस टाकून आज्ञा द्यायच्या: हे शीर्षक, हे दोन रकाने, ही चौकट, हा फोटो डावीकडे. मग सगळं यंत्राकडे सोपवून बसायचं. यंत्र एक तर देखणं पान काढून देतं, नाहीतर पान न देता आपण कितव्या ओळीत काय गुन्हा केला ते सांगतं, तेही अशा भाषेत की गुन्हा कळत नाही, फक्त शरम वाटते. खात्यातल्या वरिष्ठांची काम करण्याची पद्धत हीच असल्यामुळे मला ती प्रणाली पहिल्या दिवसापासून घरची वाटली.

तिच्याकडे वळण्याला सबळ कारणही होतं. खात्याची पत्रकं पूर्वी ज्या प्रोग्राममध्ये होत, त्यात कुठेही एक स्वल्पविराम टाकला की संचालकांचा फोटो उडी मारून भलत्याच पानावर जाई. मागच्या वर्षी तो 'बंद पडलेले खांब' या शीर्षकाखाली जाऊन बसला होता. तेव्हापासून फोटो जिथे ठोकला तिथेच राहील अशा प्रणालीची खात्याला निकड होती.

साच्याच्या बैठका पाच झाल्या. पहिल्या बैठकीत संचालकांच्या फोटोची रुंदी चाळीस मिलिमीटर ठरली. त्यावरून उपसंचालकांची अडतीस ठरली, त्यांच्या खालच्यांची छत्तीस, आणि असं करत सातव्या अधिकाऱ्यांपर्यंत आल्यावर बातम्यांच्या रकान्याला अकरा मिलिमीटर उरले. यंत्राने त्यात 'उद्घाटन' हा शब्द तीन ओळींत बसवून दाखवला. दुसऱ्या बैठकीत बातम्यांचा रकाना काढून टाकण्यात आला. राहिलेल्या चार पानांवर चौकटी आखल्या: मनोगत, अभिनंदन, सेवानिवृत्ती, नागरिकांसाठी सूचना वगैरे.

तिसऱ्या बैठकीत एक गंभीर दोष उघडकीला आला. एखाद्या चौकटीत मजकूर नसला की यंत्र खालच्या सगळ्या चौकटी वर ओढून घेई. मी मनोगताची चौकट रिकामी ठेवून पान काढलं, तर उपसंचालक सरळ संचालकांच्या जागी जाऊन बसले. उपसंचालकांनी ते पान बराच वेळ बघितलं. संचालकांनी उपसंचालकांकडे बघितलं. मग अधीक्षक बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हातात खात्याचा हजेरीपट आणि आमचे प्राण असतात त्यांनी, इतिवृत्तात लाल शाईने एक ओळ लिहिली: चौकट रिकामी राहू नये.

उपाय सोपा होता. प्रत्येक चौकटीत मी साच्यातच एक नमुना मजकूर बसवून टाकला. विभागाकडून खरा मजकूर आला तर यंत्र तो छापेल. नाही आला तर नमुना छापेल. कोणी कोणाच्या डोक्यावर बसणार नाही. मनोगतात मी लिहिलं, 'येथे संचालकांचे मनोगत येईल. मनोगत साधारण बारा ओळींचे असावे.' सेवानिवृत्तीच्या चौकटीत आधी 'अमुक' असं लिहून पाहिलं, पण शब्द फारच तोकडा. यंत्राने ओळ भरायला शब्द असे ताणले की दोघा भावांची वाटणी झाल्यासारखी ओळ दिसायला लागली. नीट लांबीचं, ठसठशीत काहीतरी हवं होतं.

माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर भांडारपाल बसले होते. भांडार म्हणजे आमच्या मागचीच खोली. दिवे, तारा, फ्यूज, शिड्या, सगळं तिथे. तिथला पंखा बंद असल्यामुळे ते दुपारी माझ्याकडे बसायला येत. पंखा बदलायला नवा पंखा भांडारातच होता, पण तो काढायला मागणीपत्र लागतं आणि स्वतःकडेच मागणी करणं त्यांना बरं दिसेना. सगळं खातं त्यांना काका म्हणतं.

"काका, तुमचं पद टाकू का इथे? नुसतं लांबी बघायला."

"टाक की. एवढी वर्षं झाली, माझं म्हणून कुठे काही छापून आलं नाही."

"निवृत्तीची चौकट आहे हां."

"असू दे. सहा वर्षं आहेत मला अजून. तोवर कुठे राहतोय तुझा साचा."

"फोटो लागेल."

"ओळखपत्राचा आहे ना तुझ्याकडे? त्यात जरा चोरासारखा दिसतो, पण रुंदी तर कळेल."

मी आज्ञा लिहून यंत्र चालवलं. पान निघालं. 'या महिन्यात सेवानिवृत्त: भांडारपाल. त्यांनी खात्याची प्रदीर्घ व निष्कलंक सेवा केली. येथे आणखी चार ओळी याव्यात.' एकही शब्द तुटला नाही, ओळी दोन्ही कडांना अशा टेकल्या होत्या की हात फिरवावासा वाटे. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "निष्कलंक छान बसलंय."

साचा मंजुरीसाठी सात टेबलांवरून फिरला. पहिल्या अधिकाऱ्यांनी वरचा समास दोन मिलिमीटरने वाढवावा असा शेरा दिला, दुसऱ्यांनी तो दोन मिलिमीटरने कमी करावा असा दिला, आणि तिसऱ्यांनी वरील दोन्ही शेऱ्यांशी सहमती दर्शवली. चौथ्यांनी पट्टी घेऊन स्वतःचा फोटो मोजला. पाचव्या-सहाव्यांनी आधीच्या सह्या मोजल्या. संचालकांनी शेवटी सही केली आणि प्रत्येक पानावर 'मंजूर नमुना' असा शिक्का बसला. सोबत आदेश निघाला की मंजूर नमुन्यात यापुढे कोणीही, कोणत्याही कारणाने, काडीचाही बदल करू नये. केल्यास तो अंक खात्याचा मानला जाणार नाही.

मग अकरा विभागांना पत्रं गेली की पहिल्या अंकासाठी मजकूर पाठवावा. दहा विभागांनी उत्तर दिलं नाही. अकराव्याने दिलं. त्यात 'निरंक' एवढाच शब्द होता.

मी यंत्र चालवलं. यंत्राने बिनतक्रार चार पानं काढली आणि अंकाच्या सहा हजार प्रती घरोघर पोचत्या झाल्या.

अंकाचं स्वागत उत्तम झालं. शेजारच्या तीन खात्यांनी संचालकांचं मनोगत आवडल्याचं कळवलं. संचालकांनी मला बोलावून सांगितलं, "नेमकं लिहिलंय. उगाच पाल्हाळ नाही." काकांनी पाच प्रती घरी नेल्या आणि पान दोनवरचा स्वतःचा फोटो गल्लीत सगळ्यांना दाखवला. संध्याकाळ आनंदात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपटावर काकांच्या पूर्ण ओळीवर तांबडी रेघ होती.

"बाई, ही रेघ कसली?" काकांनी विचारलं.

"निवृत्तांना हजेरी नसते," अधीक्षक बाई मान वर न करता म्हणाल्या.

"मी कुठे निवृत्त झालोय?"

बाईंनी अंक उघडला आणि पान दोनवर बोट ठेवलं. "हे कोण?"

"मीच. पण तो नमुना आहे."

"नमुने तर काय, खातं भरलंय. मंजूर आहे का नाही ते बोला."

मी मध्ये पडलो. म्हटलं, बाई, ती चूक माझी आहे, मी फक्त रुंदी बघायला काकांचं पद टाकलं होतं. बाईंनी मला शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा माणसांवर राग कधीच नसतो. त्यांचा विश्वास कागदावर असतो, एवढंच.

"तुम्ही टाकलंत तेव्हा चूक असेल," त्या म्हणाल्या. "आता मंजूर आहे."

आम्ही संचालकांकडे गेलो. काकांनी जन्माचा दाखला बरोबर आणला होता. संचालकांनी तो उलटासुलटा बघितला.

"यावर किती सह्या आहेत?"

"एक, साहेब."

"आणि पान दोनला?"

"सात."

"मग मी कोणाचं ऐकू? शिवाय त्यातली एक माझी आहे. मी न वाचता सही करतो असं तर म्हणायचं नाही ना तुम्हाला?"

काका म्हणाले, "नाही साहेब."

"मग झालात निवृत्त. प्रकृतीला जपा."

बाहेर आल्यावर काका व्हरांड्यात जरा वेळ उभे राहिले. भांडाराच्या चाव्यांचा जुडगा खिशात असल्यामुळे त्यांच्या विजारीची उजवी बाजू कायम खाली ओढलेली असे. ती बाजू हातात धरून ते म्हणाले, "मला काय करायचंय रे घरी? मला एवढंच येतं."

हे अगदी खरं होतं. भांडारात नोंदवह्या आहेत, पण त्यांचा आणि फळ्यांवरच्या वस्तूंचा एकमेकांशी परिचय नाही. कुठल्या खांबाला कुठला दिवा लागतो आणि तो कुठल्या खोक्यात आहे, हे सगळं काकांच्या डोक्यात. तारेचा तुकडा नुसता बोटांत धरून ते सांगायचे की ही जुन्या पुलावरची. असा माणूस घरी बसवला की भांडार राहतं, पण मग ती नुसती एक खोली असते.

शिवाय चावीचा प्रश्न निघाला. निवृत्त माणसाजवळ खात्याची चावी असता कामा नये, हे उघड होतं. पण चावी सोपवणं म्हणजे पदभार सोपवणं, आणि पदभार फक्त कामावर असलेला माणूसच सोपवू शकतो. काका कामावर नव्हते. तेव्हा चावी त्यांच्या खिशात, ते व्हरांड्यातल्या बाकावर आणि भांडाराला कुलूप, अशी व्यवस्था पुढील आदेशापर्यंत कायम झाली.

बाकावर ते तिसऱ्या दिवसापासून बसायला लागले. आधीचे दोन दिवस घरी होते. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः त्यांना कार्यालयात सोडायला आल्या.

"याला ठेवून घ्या," काकू अधीक्षक बाईंना म्हणाल्या. नवऱ्याला अरे-तुरे करायची त्यांची पद्धत नव्हती, पण प्रसंग तसा होता. "दोन दिवसांत स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिलेत. मीठ मागितलं तर म्हणतो, मागणीपत्र कुठाय. काल चमचा मोडला, तर जुना जमा केल्याशिवाय नवा देईना."

"पद्धत बरोबर आहे त्यांची," बाई म्हणाल्या.

"पद्धत तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे अजून सहा वर्षं पाठवू नका."

तोवर एकशेचौदा नंबरचा खांब गेला. मग एकशेपंधरा. आठवडाभरात अकरा खांब बंद पडले. तारतंत्री, म्हणजे खांबावर चढून दिवे बसवणारा आमचा माणूस, शिडी घेऊन यायचा, कुलूप बघायचा आणि बाकाकडे वळायचा.

"काका, एकशेचौदाचा दिवा कुठाय हो?"

"तिसरी फळी, मागचं खोकं, वर पंख्याचं खोकं आहे ते बाजूला करायचं. पण मी निवृत्त आहे. मी काही बोललो नाही."

"मी पण काही ऐकलं नाही," तारतंत्री म्हणायचा आणि शिडी घेऊन परत जायचा.

साच्यातली ती ओळ काढून टाकायला मला दोन सेकंद लागले असते. पण दोन सेकंदांत केलेला बदल खात्यात टिकत नाही, आणि तो करून निघालेला अंक खात्याचा मानला गेला नसता. मी संचालकांना सुचवलं की पुढच्या अंकात शुद्धिपत्रकाची एक चौकट घालू. ते विचारात पडले. मग म्हणाले, "चौकट ठेवली की ती रिकामी राहता कामा नये. म्हणजे दर महिन्याला एक तरी चूक करावी लागेल. खात्यावर तो ताण कशाला?"

मी जागेवर येऊन साच्याचं चार पानी आज्ञापत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी मला मीच लिहिलेली एक ओळ सापडली. तिथे थोडी जागा उरत होती. ती भरायला यंत्र वरच्या ओळी रबरासारख्या ताणत होतं, म्हणून मी अगदी बारीक टायपात काहीतरी कायदेशीर दिसेल असं ठेवून दिलं होतं: 'अंकातील कोणत्याही मजकुराबाबत हरकत असल्यास वाचकांनी पंधरा दिवसांत लेखी कळवावे. अन्यथा मजकूर सर्व वाचकांना मान्य आहे असे समजण्यात येईल.'

तो कागद घेऊन मी बाईंकडे धावलो. त्यांनी भिंगातून ओळ वाचली.

"मंजूर आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा आदर होता. "एका जरी वाचकाची हरकत आली तरी निवृत्तीला स्थगिती. विषय समितीपुढे जाईल."

"मग काका आत्ता लिहून देतात."

"त्यांना नाही देता येणार. ते मजकूर आहेत. मजकुराने हरकत कशी घ्यायची?"

"मी देतो."

"तुम्ही जुळणी केलीत."

"काकू?"

"त्यांचा हितसंबंध आहे. डब्यांचं सगळं मी ऐकलंय. वाचक पाहिजे. बाहेरचा, अंक घरी आलेला, अंक वाचलेला."

सहा हजारांत एक माणूस. मुदतीचे सहा दिवस उरले होते. मी पत्त्यांची यादी घेतली, काकांनी अंकाच्या दोन प्रती बगलेत मारल्या आणि कार्यालय सुटल्यावर आम्ही वाचक शोधायला बाहेर पडलो.

पहिल्या घरी शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. अंक आलाय का विचारल्यावर त्यांनी लगेच काढून दाखवला. त्याची बाही झाली होती.

"कागद काय सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "जाड, पण वळतो. बेतायला इतका बरा कागद बाजारात मिळत नाही. पुढचा कधी येणार? मला मागच्या भागाचं माप काढायचंय."

काकांचा फोटो काखेपाशी आला होता. तिथून वाचणं शक्य नव्हतं.

पुढच्या काही घरांत अंक टेबलाच्या पायाखाली, कपाटाच्या खणात आणि एका पोपटाच्या पिंजऱ्यात भेटला. पोपटाने निदान पान दोन वर ठेवलं होतं. चौथ्या दिवशी एक गृहस्थ भेटले, ज्यांनी दार उघडताच सांगितलं की आपण घरी येणारा प्रत्येक छापील कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि वाचल्यावर तारखेप्रमाणे लावून ठेवतो. काकांनी माझा दंड दाबला. गृहस्थांनी आम्हाला बसवलं, अंक आणला, पान दोन उघडलं, फोटो बघितला, काकांना बघितलं.

"अरेच्चा, तुम्हीच की. अभिनंदन."

"तेच सांगायला आलोय," काका म्हणाले. "मी निवृत्त झालेलो नाही."

गृहस्थांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुरुवातीला असंच वाटतं. मी पण दोन महिने रोज सकाळी बूट घालून बसायचो."

"अहो, सहा वर्षं आहेत मला."

"मनाला लावून घेऊ नका. फिरायला जात जा."

"पण हे खोटं छापलंय."

"छापलंय ना? मग झाला असाल हो." एवढं बोलून त्यांनी काकांना एका टेकडीचा रस्ता समजावून सांगितला. त्यांच्या मते सकाळी तिथे सगळे आपल्यासारखेच येतात.

पाचव्या दिवशी आम्ही एकशेचौदा नंबरच्या खांबासमोरच्या घरी पोचलो. तिन्हीसांज होत होती. काका दाराकडे न जाता आधी खांबापाशी गेले आणि मान वर करून बघत राहिले, एखाद्या पोराची शाळा बुडतेय आणि आपल्याला काही करता येत नाही तसे. दारात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "दिवे खात्याचे का?"

"हो," मी म्हणालो.

"आत्ता आलात? पायरी दिसत नाही म्हणून आमच्या सासूबाई परवा धडपडल्या. कोण बघतं हे?"

"मी बघायचो," काका म्हणाले. "दिवा आहे. चावी ही बघा. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या की मी निवृत्त नाही, म्हणजे उद्या सकाळी तुमचा खांब लागतो."

बाई आत गेल्या आणि दोन ओळींच्या ऐवजी पाठपोट कागद भरून घेऊन आल्या. काय अक्षर होतं. राग आणि मुद्दे दोन्ही शेवटपर्यंत टिकले होते. काकांनी तो कागद शर्टाच्या आत ठेवला आणि परत येताना पूर्ण रस्ता शीळ वाजवली. मी त्यांना शीळ वाजवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी अधीक्षक बाईंनी कागद दोनदा वाचला.

"पत्र चांगलं आहे. पण ही हरकत खांबाला आहे."

"म्हणजे?"

"यात पायरी आहे, सासूबाई आहेत, खात्याची लाज काढलीय. पान दोनचा उल्लेख कुठाय? हरकत मजकुराला पाहिजे, खांबाला नाही. खांबांच्या तक्रारी वेगळ्या फायलीत जातात." आणि त्यांनी ती तिथे घातली. फाइल जाड होती.

मी पळत खांबासमोरच्या घरी परत गेलो. बाई कामाच्या घाईत होत्या. पान दोनबद्दल आणखी फक्त एक ओळ हवी आहे, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "एकदा लिहिलं ना? आता तुमचा अंक वाचून तुम्हालाच पत्रं लिहीत बसू का रोज? तुम्ही छापता, तुम्हीच वाचा."

पाच वाजता मुदत संपली. अधीक्षक बाईंनी फाइलवर नोंद केली: 'सहा हजार वाचकांनी अंकाचे वाचन करून भांडारपालांच्या निवृत्तीस एकमुखाने मान्यता दिली आहे.'

निरोप समारंभ दुसऱ्या दिवशी झाला. काकांच्या कार्याबद्दल बोलायला संचालकांनी अंकच हातात घेतला. "त्यांनी खात्याची प्रदीर्घ व निष्कलंक सेवा केली," ते भारावून म्हणाले, "येथे आणखी चार ओळी याव्यात." टाळ्या झाल्या. सहा हजार वाचकांच्या मान्यतेमुळे चावीचा पेचही सुटला. काकांनी ती सत्कारातली भेट म्हणून खात्याला दिली. भांडार उघडलं. आत सगळं होतं, फक्त काहीच सापडत नव्हतं. तारतंत्र्याने तिसऱ्या फळीकडे जायचा प्रयत्न केला, पण जे आपण ऐकलंच नाही त्यावर कारवाई कशी करणार, म्हणून तो थांबला.

महिनाअखेर बंद खांब दीडशेवर गेले. एरवी यावर चौकशी बसली असती. पण संचालकांच्या हातात आता सहा हजार माणसांचा एकमुखी पाठिंबा होता, आणि तो किती सहज मिळतो हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मला बोलावलं.

"दिवा नसलेला खांब ही तक्रार असते," ते म्हणाले. "खांबच नसला तर तक्रार कशाची? काढून टाकायच्या खांबांची गल्लीवार यादी करा आणि सूचनांच्या चौकटीत टाका. टाइप तोच ठेवा, तळाचा."

मी टाकली. यंत्राने एकही चूक काढली नाही.

काका आता घरी असतात, आणि निवृत्त माणूस खात्याचा कोणी नसल्यामुळे ते रीतसर बाहेरचे वाचक झाले आहेत. त्यांच्याकडे अंक येतो. ते चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी नेऊन, चारही पानं तळापर्यंत वाचतात आणि लागलीच काकूंकडून कागद मागून घेऊन, आधी मागणीपत्र देऊन, हरकत लिहितात: पान अमुक, रकाना अमुक, ओळ अमुक. अधीक्षक बाई म्हणतात, अशी निर्दोष हरकत त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. काकांच्या गल्लीतले खांब जागेवर आहेत. समितीपुढे विषय असल्याने त्यांना कोणी हात लावू शकत नाही, आणि तारतंत्री तिथले दिवे गुपचूप बदलून देतो.

बाकीच्या गल्ल्यांकडून काही आलं नाही. तुमच्या गल्लीचं नाव पान तीनवर आहे, उजव्या रकान्यात, खालून चौथी ओळ. जुळणी मीच केली आहे, सुरेख बसलंय. अंक तुमच्या घरी पोचला होता; पोचपावतीवरची सही तुमचीच आहे, मी पडताळून पाहिली. मुदत काल पाच वाजता संपली.